स्विचखालच्या चपला

३ ऑगस्ट

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. ते काम सध्या आईकडे आहे आणि ती ते मन लावून करते आहे. फोन करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून कागदच बरा.

अडचण अशी आहे. या वर्षी आम्हाला प्रत्येकाला एका थरारपटाची सुरुवात आखायची आहे. फक्त सुरुवात. एक रीळ, म्हणजे पावणेतीन मिनिटं, आणि संवाद अजिबात नाही. वर्गात आम्ही एकवीस जण. त्यातल्या चार सुरुवाती सर निवडणार आणि तेवढ्याच खऱ्या कॅमेऱ्याने चित्रित होणार. बाकीचे सतरा जण वर्षभर त्या चौघांचे दिवे आणि वायरी उचलणार. मी गेल्या वर्षी वायरी उचलल्या आहेत, मामा. माझ्या खांद्याला अजून त्यांचा वळ आहे. या वर्षीही तेच झालं तर मला इथे ठेवण्यात काही अर्थ नाही, हे सर बोलतील त्याआधी मलाच कळेल.

माझा पहिला आराखडा असा होता: बंद खोली, टेबलावर सुरी, भिंतीवर सावली. सर म्हणाले, "ही सुरी बघून मला घरी भाजी न्यायची आहे ते आठवलं." सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडले.

तू तीस वर्षं लिफ्टच्या पोटात काढलीस. मला नेहमी लिफ्टची भीती वाटते. दोर तुटला तर? दार उघडलं आणि आत लिफ्टच नसली तर? तुला तिथे सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची, ते सांग. चांगलं भरपूर सांग, हात आखडू नकोस.

जोडीदारकाकांना नमस्कार. बुद्धिबळात त्यांना जिंकू देत जा अधूनमधून.

तुझी,
टकळी


९ ऑगस्ट

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा न लावता, कारण तो सापडत नव्हता, आणि एकदा लावून. दुसऱ्या वेळी जास्त कळलं.

दोर तुटण्याचं खूळ आधी डोक्यातून काढ. लिफ्टला पाच-सहा दोर असतात आणि एक गेला तरी बाकीचे धरून ठेवतात. लोक उगाच घाबरतात. आम्हाला चालू लिफ्टची भीती कधीच वाटली नाही. आम्हाला भीती वाटायची ती बंद लिफ्ट चालू होण्याची.

नीट सांगतो. दुरुस्तीला मी आणि जोडीदार असे दोघं जायचो. एक जण तळमजल्याच्याही खाली, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा, दुसरा वरचं बघायचा. उतरण्याआधी मेन स्विच पाडायचा. जुन्या इमारतींत हा स्विच तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी पत्र्याच्या पेटीत असे. पण पेटी कोणीही उघडू शकतो. वरच्या मजल्यावरचे लोक खोळंबलेले, रखवालदाराच्या मागे लागलेले. त्याने वैतागून स्विच वर केला, की खालच्या माणसाचं काय?

म्हणून आमची एक पद्धत होती. ती कुठल्या पुस्तकात नाही. खड्ड्यात उतरणारा माणूस आपल्या चपला स्विचच्या बरोबर खाली काढून ठेवायचा. चपला तिथे आहेत तोवर स्विचला कोणी हात लावायचा नाही. ज्याच्या चपला, त्यानेच बाहेर येऊन घालायच्या, मगच लिफ्ट सुरू. रखवालदारांनासुद्धा हे पाठ होतं. पाटी लावली तर लोक वाचत नाहीत, पण चपला दिसल्या की माणूस थांबतो. इथे कोणीतरी आहे, हे त्याला न सांगता कळतं.

तुझ्या जोडीदारकाकांच्या बाबतीत ते राहून गेलं आणि पाय गेला, हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. त्यावर आणखी लिहीत नाही. आता तो दाराचं कुलूप तीनदा ओढून बघतो आणि बुद्धिबळात प्यादं सरकवल्यावर त्यावरचं बोट पाच-पाच मिनिटं उचलत नाही. मी कंटाळून हरतो.

तब्येतीला जप. तुझी आई म्हणते तू जेवत नाहीस.

तुझा मामा


१४ ऑगस्ट

मामा!

तुझे पाय कुठे आहेत? दोन्ही पुढे कर, मी इथून नमस्कार करते.

सापडलं! काल तुझं पत्र आलं आणि मी दुपारभर वर्गात काय शिकवलं ते ऐकलंच नाही. आठ चित्रं काढली आहेत. थोडक्यात सांगते.

एक: एक माणूस लिफ्टशेजारी चपला काढतो, स्विचखाली ठेवतो. चार सेकंद. दोन: तो खड्ड्यात उतरतो. तीन: फक्त चपला. चार: वरच्या मजल्यांवर लोक बटणं दाबताहेत, वैतागताहेत. पाच: पुन्हा चपला. आणि सहा, मामा, सहा ऐक! दोन अनवाणी पाय येतात. चेहरा नाही. ते पाय त्या चपलांमध्ये शिरतात आणि शांतपणे चालत निघून जातात. सात: रिकामी फरशी. आठ: रखवालदार येतो, फरशीकडे बघतो आणि स्विचकडे हात नेतो. संपलं. हात स्विचला लागलेला दाखवायचाच नाही.

सुरी नाही, सावली नाही, रक्ताचा थेंब नाही! मैत्रिणीला सांगितलं तर तिने स्वतःचे पाय खुर्चीवर वर घेतले.

आता तू फक्त सांग, असं घडू शकतं ना? काही चुकलं असेल तर कान धर. उत्तर लगेच पाठव, मी रोज पोस्टमनची वाट बघते आहे.

तुझी,
टकळी


२६ ऑगस्ट

प्रिय मामा,

बारा दिवस झाले. तू बरा आहेस ना? आईला विचारलं तर ती म्हणाली, "ठणठणीत आहे, पण हल्ली घुम्यासारखा बसतो." मी तुमच्या कामाची गोष्ट उचलली म्हणून रागावलास का? तसं असेल तर सरळ सांग. मी लहान नाही आता.

इकडे सरांनी चित्रं पाहिली. हसले नाहीत. खूप वेळ सहाव्या चित्राकडे बघत बसले. मग म्हणाले, "हे चांगलं आहे. पण हा माणूस कोण आणि तो चपला का नेतो? त्याला खून करायचा असेल तर तो स्वतःच स्विच वर करेल. चपला नेण्याचं कारण मला पटलं तर घेतो." वीस सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. तोवर मला कारण सापडलं नाही तर माझी वायर आणि मी.

मी सतरा कारणं लिहून काढली. सूड, वारसा, बायकोचं प्रकरण, वेडसरपणा. सगळी वाचून मलाच लाज वाटली. चपला नेणारे ते पाय इतके शांत आहेत की त्यांना सूड वगैरे शोभत नाही. रात्रंदिवस तेवढेच पाय डोळ्यांपुढे येतात.

तू लिहीत नसशील तर मी जोडीदारकाकांना विचारू का? त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

तुझी,
टकळी


२९ ऑगस्ट

चि. टकळीस,

मी बरा आहे. हात दुखत होता.

तुझी ती सुरुवात मला काही पटली नाही. दुसऱ्याच्या चपला कोण कशाला घालेल? मापाचा प्रश्न येतो. लोक हसतील. त्यापेक्षा छत्री घे. नाहीतर टोपी घे. किंवा लिफ्टचा नादच सोड, आगगाडी किंवा जहाज असं काहीतरी बघ, त्यात पुष्कळ वाव असतो.

जोडीदाराला मुळीच लिहू नकोस. त्याला त्रास होईल. त्याला आता जुनं आठवत नाही आणि आठवावं असंही काही नाही. माझं एवढं ऐक. बाकी तू म्हणशील ते.

मामा


१ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र आज मिळालं. छत्री? मामा, छत्री?

आणि दुसरी गोष्ट सांगायला मला भीती वाटते आहे. मी काकांना आठही चित्रांच्या प्रती परवाच पाठवल्या. तुझं उत्तर येत नाही म्हणून धीर सुटला. सोबत विचारलंय की चपला नेणारा माणूस कोण असू शकेल. त्यांना त्रास व्हावा असं माझ्या मनातही नव्हतं. पाकीट पोचलं असेल तर तू जवळ बस त्यांच्या. मला फार अपराधी वाटतं आहे.

एक विचारू? तुझा हात दुखत होता, तरी तुझं अक्षर नेहमीसारखंच टापटीप आहे. मग झालंय काय?

टकळी


५ सप्टेंबर

चि. टकळीस,

काल संध्याकाळी पाच वाजता नेहमीप्रमाणे जोडीदाराकडे गेलो. बुद्धिबळाचा पट मांडलेला नव्हता. त्याच्या जागी तुझी आठ चित्रं ओळीने लावली होती. तो कुबडी बाजूला ठेवून त्यांच्यावर वाकला होता. मला बघून म्हणाला, "पोरीने काय डोकं लावलंय बघ! पण हे सहावं जमत नाही रे. कोण घालणार दुसऱ्याच्या चपला?"

मी म्हणालो, "हो ना."

रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक. आता सकाळ झाली आहे आणि मी हे लिहितो आहे. मध्येच थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहितो.

त्या दिवशी तो खड्ड्यात उतरला. चपला त्याने काढल्या होत्या. स्विचखाली, जुळवून. मी पाहिल्या होत्या.

त्याला एक वायसर हवा होता. खालूनच ओरडला, आणून दे. दुकान समोरच्या गल्लीत. मी निघालो आणि पायरीवरच माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. रस्ता तापलेला होता. त्याच्या चपला समोर होत्या, आमचं माप एकच. पाच मिनिटांचं काम. मी माझी तुटकी जोडी हत्यारांच्या पिशवीत कोंबली आणि त्याच्या घालून गेलो. तुझ्या चित्रातले पाय शांतपणे चालतात ना, तसाच चाललो. माझ्या मनात काहीच नव्हतं. हाच तर सगळा घात आहे. दुकानात गर्दी होती. दुकानदार ओळखीचा, त्याने चहा पुढे केला. मी तो प्यायलो. बशीत ओतून, फुंकून प्यायलो.

परत आलो तर दारात माणसं जमलेली. रखवालदाराने फरशी रिकामी बघितली आणि स्विच वर केला. त्याचं काही चुकलं नाही. लिफ्ट खाली आली. जोडीदाराने अंग चोरलं, पाय तेवढा लिफ्टखाली सापडला. आणि रखवालदार छाती पिटत ओरडत होता, "चपला नव्हत्या हो, चपला नव्हत्या!" त्या माझ्या पायात होत्या.

मी जिन्याखाली गेलो. त्या काढल्या, तिथेच ठेवल्या आणि अनवाणी गर्दीत घुसलो. त्याला वर काढताना माझाच हात पहिला होता, हे सगळे अजून सांगतात.

चौकशीत चपला जिन्याखाली सापडल्या. साहेबांनी लिहिलं, कामगाराने चपला ठरल्या जागी ठेवल्या नाहीत, विसराळूपणा. त्याने ते मान्य केलं. टकळे, त्याने ते मान्य केलं! दवाखान्यात मला म्हणाला, "मला वाटत होतं की मी ठेवल्या होत्या. पण नसतील ठेवल्या. डोकंच गेलंय माझं." मी तेव्हा बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बोलेन म्हटलं. बावीस वर्षं झाली.

पायाचं दुःख त्याने पचवलं. पण त्या दिवसापासून त्याचा स्वतःवर विश्वास नाही. नव्या मुलांना शिकवायला त्याला बोलावलं होतं, तो गेला नाही. म्हणाला, माझ्यासारखा विसरभोळा काय शिकवणार? कुलूप, शेगडी, नळ, सगळं तीनतीनदा. ते मी केलं आहे. मी रोज पाचला जातो, लोक म्हणतात काय दोस्ती आहे. मी पाळत ठेवायला जातो. त्याला आठवलं तर नाही ना, हे बघायला.

तुझ्या सरांना कारण हवं होतं. हे कारण आहे.

मामा


८ सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून मी ते दप्तरात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मैत्रीण विचारत होती काय झालं, तिला म्हटलं पोट दुखतंय.

मला तुझा राग आला आहे. खूप. तू मला कडेवर घेऊन लिफ्टमधून फिरवायचास, बटणं दाबू द्यायचास. शाळेत असताना मी काकांना "विसरभोळे काका" म्हणायचे आणि तू हसायचास. ते हसणं मला आता आठवतंय आणि मला कसंतरी होतं आहे. आणि तू रडत असशील या विचाराने मलाही रडू येतं, त्याचाही राग येतो.

माझ्याकडची चित्रं मी फाडली. सरांना सुरीच परत देईन. वायरी उचलेन, त्याने काही मरत नाही कोणी.

पण हे मला सांगून काय उपयोग, मामा? पत्ता चुकला तुझा. हे पत्र ज्यांना जायला हवं ते तुझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार नाही, पण मग मी त्यांच्याशी, तुझ्याशी, कोणाशीच नीट बोलू शकणार नाही. मला त्या चपला जिन्याखाली ठेवायला लावू नकोस.

टकळी


१२ सप्टेंबर

चि. टकळीस,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाचला गेलो आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं.

पटाच्या जागी चित्रं तशीच होती. सहाव्या चित्रावर बोट ठेवून त्याने विचारलं, "अंगठा कुठल्या चपलेचा तुटला होता?" मी म्हणालो, डाव्या. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "म्हणजे मी काढून ठेवल्या होत्या." मी हो म्हणालो. त्याने पुन्हा तेच म्हटलं. चार वेळा म्हटलं. शेवटी माझ्याशी बोलत नव्हता तो.

तू चित्रं फाडलीस हेही मी सांगितलं. त्यावर म्हणाला, "तू आता जा."

आज पाचला पुन्हा गेलो. आत दिवा होता. कडी वाजवली. दार उघडलं नाही.

मी उद्याही जाणार आहे. आणखी काय करावं ते मला कळत नाही.

मामा


१६ सप्टेंबर

चि. पोरीस,

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. चुकलं तर सांभाळून घे.

तू चित्रं फाडलीस असं कळलं. तो शहाणपणा तुला कोणी सांगितला? माझ्याकडची आठही शाबूत आहेत. या पाकिटात घालून परत पाठवतो आहे. सरांकडे ने. कारण विचारलं तर सांग, चपलेचा अंगठा तुटला होता आणि रस्ता तापलेला होता. एवढंच. न पटलं तर म्हणावं, मलाही अजून पटत नाही.

तुझा मामा रोज पाचला येतो. चार दिवस मी दार उघडलेलं नाही. तो बाहेर अर्धा तास उभा राहतो, मग जातो. मी आतून बघतो. मला त्याचं तोंड बघवत नाही आणि पाच वाजले की कानही दाराकडेच असतात. पुढचं पुढे बघू. तू यात पडू नकोस, आणि त्याला पत्र लिहिणं बंद करू नकोस.

आता चित्रांचं. पहिल्या चित्रात तू लिहिलं आहेस, माणूस चपला काढतो, चार सेकंद. चार सेकंद पुरत नाहीत. तुझी रीळ लहान आहे हे मला ठाऊक आहे, वरचे मजले कमी कर, लोकांनी बटणं दाबलेली एकदा दाखवली की पुरे. पण चपला काढणं पूर्ण दाखव. आधी उजवी, मग डावी. हाताने उचलून जुळवायच्या, पुढची टोकं भिंतीला टेकवायची. पायाने सरकवायच्या नाहीत, तो आळशी माणसाचा प्रकार. मग खड्ड्याकडे दोन पावलं गेल्यावर एकदा मागे वळून बघायचं, आहेत ना जागेवर. मी नेहमी बघायचो. त्या दिवशीही बघितलं होतं. बावीस वर्षं मला वाटत होतं की ते दुसऱ्याच कुठल्यातरी दिवसाचं आठवतं आहे.

तेवढं बघणं दाखव. घाई करू नकोस. थिएटरात बसलेल्या शेवटच्या माणसालाही दिसू दे की त्याने चपला ठेवल्या होत्या.

हे पत्र टाकायला आता निघतो आहे. दाराला कुलूप लावलं आहे, पायरीवर बसून या शेवटच्या ओळी लिहितो आहे. कुलूप एकदाच ओढून बघितलं. लागलं आहे.

तुझा,
जोडीदारकाका